पडवीत इंजिन खोलताना: टू-स्ट्रोकचं चेंबर, क्रँक आणि कोकणातला पावसाळा

जांभाधूळ (धागाकर्ता)

यामाहा आरएक्स या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं फुल इंजिन घरी करता येतं का, असं इथे अधूनमधून कुणीतरी विचारतं आणि उत्तरं दोनच येतात. 'मेकॅनिककडे टाका, कशाला हात काळे करता' किंवा 'व्हिडिओ बघा, सोपं आहे'. माझं मत या दोन्हींच्या मधलं आहे. चेंबर (क्रँक आणि गिअर ज्यात बसतात ते इंजिनाचं दोन भागांचं कवच) खोलणं सोपं, बंद करणंही सोपं. मधली मोजमापं मात्र चिकाटीची आहेत, आणि दोन कामं अशी आहेत की ती लेथवर गेल्याशिवाय होत नाहीत: क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) दाबणं आणि बोअर मारणं (पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो ती मापाने कोरणं). एवढी दोन बाहेर द्यायची असं आधीच ठरवलंत तर बाकीचं सगळं पडवीत होतं.

गाडी आरएक्स १३५, पाच गिअरची. बोअर ५८ मिमी, स्ट्रोक ५० मिमी, म्हणजे १३२ सीसी. हेडलाइट, इंडिकेटर उतरवून, बटणाचे टायर टाकून ती फक्त सड्यावर (कातळाच्या पठारावर) आणि बंद पडलेल्या चिरेखाणीत फिरते. तिथपर्यंत टेम्पोतून जाते, रस्त्यावर काढत नाही. आधीच्या मालकाने ती कित्येक पावसाळे गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली. माझ्याकडे आली तेव्हा एका किकला चालू व्हायची, पण तीन गोष्टी खटकत होत्या. गॅस सोडला तरी आरपीएम वरच लटकायचे. इंजिन गरम झालं तरी पांढरा धूर थांबायचा नाही. आणि गिअर ऑइल कमी व्हायचं, पण गाडीखाली एक डाग नाही.

टू-स्ट्रोकचं चेंबर हा एक पंपच असतो. पिस्टन वर गेला की आत ओढ तयार होते, खाली आला की दाब. ही ओढ आणि हा दाब टिकवायचं काम क्रँकच्या दोन टोकांवरच्या ऑइल सीलचं. मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या, वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील कडक झालं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, आरपीएम लटकतात आणि असंच पळवत राहिलं तर एक दिवस पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअर ऑइल आत ओढलं जाऊन जळतं, म्हणून तो धूर. माझ्या गाडीत दोन्ही सीलं गेली होती.

आता हे आपल्याकडेच इतकं का होतं? फोर-स्ट्रोकची क्रँक बंद चेंबरमध्ये इंजिन ऑइलच्या सान्निध्यात असते. टू-स्ट्रोकच्या मेन बेअरिंगला पेट्रोलबरोबर जेवढं टूटी (२टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं) ऑइल येईल तेवढंच. गाडी उभी राहिली की तो थर ओघळून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्या उघड्या पडतात. त्यात रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस, समुद्राची खारी हवा, आणि २०२३ पासून पंपावर येऊ लागलेलं ई२० पेट्रोल. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. म्हणजे टाकीत पेट्रोल तसंच ठेवून चार महिने गाडी उभी केली तर बेअरिंगला गंज चढायची सगळी सोय आपणच करून ठेवतो. सड्यावर आपटून गेलेली क्रँक मी फारशी पाहिलेली नाही, उभ्या उभ्या गेलेल्या मात्र भरपूर.

हत्यारांबद्दल. नेहमीचे पाने आणि गोट्या (सॉकेट) सोडून तीन गोष्टी लागतातच: मॅग्नेट पुलर, क्लच धरायचा होल्डर आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर. चेंबरचे स्क्रू दिसायला साधे अधिकच्या खाचेचे, पण ते जपानी मापाचे आहेत. आपला नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएस मापाचा बिट घ्या, इम्पॅक्टला लावा, वरून हातोडीचा एक फटका, स्क्रू सुटला.

इंजिन चासीवर असतानाच पुढच्या स्प्रॉकेटचा, क्लचचा आणि मॅग्नेटचा नट सैल करून घ्या. गाडी गिअरमध्ये टाकून कुणालातरी मागच्या ब्रेकवर उभं करायचं. एकदा इंजिन फळीवर आलं की ते धरायला दुसरा माणूस मिळत नाही आणि नट हसत बसतो.

मग हेड, ब्लॉक, पिस्टन. पिनचे लॉक काढण्याआधी चेंबरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं, नाहीतर लॉक उडून थेट क्रँकखाली जातं. काढलेलं लॉक परत वापरायचं नाही, ते मिळतं चहाच्या किमतीत. मॅग्नेट काढल्यावर, आतली प्लेट सोडवण्याआधी तिच्यावर आणि चेंबरवर एक बारीक रेघ ओढून ठेवा म्हणजे टायमिंग परत तिथेच बसतं. चेंबरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून जो स्क्रू जिथून निघाला तिथेच खोचायचा. फोनमधल्या फोटोंवर फार भिस्त ठेवू नका, फोटोत लांबी कळत नाही.

स्क्रू निघाले की दोन भाग लगेच सुटतील असं नाही, आणि माणूस स्क्रू ड्रायव्हर उचलतो तो इथेच. फटीत काहीही घालायचं नाही. ही घासून सपाट केलेली जागा आहे, तिच्यावर पडलेला एक ओरखडा म्हणजे कायमची हवेची गळती. लाकडी मोगरीने माउंटिंगच्या कानांवर, आळीपाळीने, हलके ठोकायचं. आधी एक केसाएवढी रेघ दिसते, मग बोटभर. गिअरचे दोन्ही शाफ्ट एकाच भागात राहतील असं बघा, आणि वरचा भाग उचलताना आतल्या बाजूला बोट फिरवा. तेलाने चिकटून वर आलेलं पातळ वायसर खाली पडलं तर ते कुठल्या शाफ्टचं होतं हे देवालाही आठवणार नाही.

आत काय निघालं ते सांगतो. मॅग्नेटकडच्या बेअरिंगच्या रिंगणात तांबूस डाग, हाताने फिरवलं तर खरखर. दोन्ही सीलं नखाने दाबली तर प्लॅस्टिकसारखी. कनेक्टिंग (पिस्टन आणि क्रँक जोडणारा रॉड) वर-खाली ओढून पाहिला तर किंचित टकटक. बाजूला थोडा हलला तर चालतो, तेवढी मोकळीक ठेवलेलीच असते, पण वर-खाली हालचाल शून्यच हवी. ब्लॉकमध्ये एक्झॉस्टच्या भोकाजवळ उभे ओरखडे. गिअर मात्र सगळे शाबूत, ते सरकवणारे फोर्कही सरळ.

क्रँक आणि ब्लॉक लेथवर गेले. कनेक्टिंगचा पूर्ण सेट नवा टाकला: रॉड, पिन, निडल बेअरिंग, बाजूची वायसरं. पिस्टन आधी विकत घेऊन त्याच्यासकट ब्लॉक द्यायचा, कारण बोअर पिस्टनच्या मापाने मारायची असते. बोअर ०.२५ मिमीने मोठी करून ओरखडे निघत नव्हते, ०.५० मिमीने मोठा पिस्टन लागला.

बेअरिंग बसवण्यावर सगळ्यात जास्त बोलायला हवं. हातोडी लागतच नाही. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. ५० मिमीचं भोक ८० अंशांनी तापवलं तर साधारण ०.०९ मिमी मोठं होतं, आणि बेअरिंगची पकड त्याहून कमी असते. चेंबर तापवायचं, बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवायचं, आणि ते टपकन आपलं आपण बसतं. पण आपल्या हवेत एक गोम आहे. फ्रीजरमधून काढलेल्या बेअरिंगला क्षणात घाम फुटतो. म्हणून आधी टूटी ऑइलात बुडवून, पिशवीत घट्ट बांधून मगच ठेवा. आमच्या फ्रीजरमध्ये ते सुरमईच्या शेजारी होतं, त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

चेंबर तापवण्याआधी साबण-पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. पेट्रोल किंवा डिझेलने धुतलेलं चेंबर तसंच शेगडीवर ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. जाड तव्यावर, मंद आचेवर. पाण्याचा थेंब टाकून तडतडला की झालं, त्याच्या पुढे तापवू नका. धुतलेल्या ब्लॉकच्या बोअरला मात्र लगेच तेल पुसा. ओतीव लोखंडाला आपल्याकडे तासाभरात लाली येते.

बाकी बंद करणं म्हणजे उलट्या क्रमाने तेच. सीलंट बोटाने पुसल्यासारखं पातळ, कारण जास्तीचं आत पिळून तेलाच्या वाटेत जातं. स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे. ६ मिमीच्या स्क्रूला १० न्यूटन-मीटरच्या आसपास खूप झालं. पूर्ण आवळण्याआधी क्रँक हाताने फिरवून बघायची आणि पाचही गिअर टाकून बघायचे. एकही अडला तर तिथेच थांबून परत उघडायचं.

शंका विचारा, माहीत असेल तेवढं सांगतो.

---

शंकासूर

छान सविस्तर लिहिलंय. नावाला जागून प्रश्न विचारतो.

क्लचचा नट चासीवर असताना सैल केला, ठीक. पण आवळताना काय? तेव्हा चेन नसते. मी ऐकलंय की प्लगच्या भोकातून दोरी सोडतात आणि पिस्टन तिच्यावर अडकवतात.

आणि खर्च किती आला?

---

पुणेरी_पाना

दोरीची युक्ती एकदम भारी चालते. माझ्या स्कूटरला नेहमी तसंच करतो. होल्डरवर पैसे घालवायची गरज नाही.

(आमच्याकडे पडवी नाही, गॅलरीत करतो. खालचे काका वास आला की वर येतात.)

---

जांभाधूळ

@शंकासूर, दोरी फोर-स्ट्रोकला ठीक. टू-स्ट्रोकच्या बोअरमध्ये भोकं असतात. पिस्टन दोरीवर दाबला की ती फुगून एक्झॉस्टच्या भोकात शिरते, पिस्टनची कड तिला कापते आणि धागे आत पडतात. पुणेरीदादांची स्कूटर फोर-स्ट्रोक असणार असा माझा अंदाज आहे.

होल्डर नसेल तर क्रँकच्या गिअरमध्ये आणि क्लचच्या मोठ्या गिअरमध्ये, दातांच्या मधे तांब्याचं जाड वायसर धरायचं. तांबं मऊ, दात दुखत नाहीत. सोडवताना एका बाजूने, आवळताना उलट बाजूने.

खर्चाचा आकडा मुद्दाम लिहीत नाही, प्रत्येक तालुक्यात वेगळा निघेल. सगळ्यात जास्त पैसे क्रँकचा सेट आणि पिस्टनला गेले. मजुरीत फक्त लेथ. मूळ कंपनीचं सील आणि स्वस्तातलं सील यांच्यातला फरक एका जेवणाएवढा आहे, आणि ते बदलायला सगळं इंजिन परत खोलावं लागतं. तिथे काटकसर नको.

---

पुणेरी_पाना

हो, फोर-स्ट्रोक आहे. मागे घेतो.

---

तिरफळ

माज्या मामान क्रँक घरातच दाबूचो प्रयोग केल्यान होतो. नांगराचो लोखंडी तुकडो खाली आणि घण वर. क्रँक बसली, गाडीव चालू झाली. पण मग सगळी गाडी अशी कापाक लागली की आरसो बघलो तर मागे चार-चार एसट्या दिसत.

तर बाबानू, तां काम लेथवाल्याचाच. तुमका जमाचा नाय.

---

लेथवाला

तिरफळांच्या मामांची गाडी का कापत होती ते सांगतो, हे माझं रोजचं काम आहे.

टू-स्ट्रोकची क्रँक एकसंध नसते. दोन चकत्या आणि मधे एक पिन, सगळं नुसतं दाबून बसवलेलं. प्रेसवर दाबताना दोन्ही चकत्या एका रेषेत याव्या लागतात. दाबून झाल्यावर क्रँक दोन सेंटरवर धरून, दोन्ही टोकांना डायल लावून फिरवायची आणि जिथे काटा चढतो तिथे पितळेच्या हातोडीने मारून सरळ करायची. अशा लहान इंजिनाला ०.०३ मिमीच्या आत आणतो, जमलं तर त्याहून कमी. दाबणं पाच मिनिटांचं, सरळ करणं अर्ध्या दिवसाचं. गिऱ्हाईक म्हणतं पाच मिनिटांचे एवढे पैसे?

म्हणूनच क्रँक चेंबरमध्ये बसवताना टोकावर हातोडी मारू नका. आम्ही जे सरळ केलं ते एका ठोक्यात वाकडं होतं. बेअरिंग तापवा, क्रँक थंड करा, ती आपोआप आत जाते. नाही गेली तर नटाने ओढून घ्या, ठोकू नका.

बेअरिंगबद्दल जांभाधूळ यांनी एक लिहिलं नाही. जुन्या बेअरिंगवरचा पूर्ण नंबर लिहून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट. ६२०५ असेल तर शेवटचे दोन आकडे गुणिले ५, म्हणजे आतलं भोक २५ मिमी, हे दुकानदाराला कळतं. पण त्याच्यापुढे सी३ असेल तर सी३च मागा. सी३ म्हणजे आत जरा जास्त ढिलाई ठेवलेलं बेअरिंग. चेंबरने बाहेरून आवळल्यावर, क्रँकने आतून ताणल्यावर आणि वर इंजिन तापल्यावर ती जास्तीची ढिलाई वापरली जाते. साधं टाकलंत तर थंड असताना छान फिरतं आणि गरम झाल्यावर घट्ट होतं. दुकानात हातात धरून हलवून 'हे तर सैल आहे' म्हणून परत करणारे लोक मी पाहिलेत.

बोअर मारून आणलेला ब्लॉक हातात आला की आत बोट फिरवा. भोकांच्या कडा धारदार लागल्या तर तसाच बसवू नका. बोअर मारताना त्या कडा सुरीसारख्या होतात आणि रिंग तिथे अडकून तुटते. बारीक पॉलिश पेपरने किंवा गोल कानशीने कडा किंचित मारून घ्यायच्या, खालून वरून दोन्हीकडे. चांगला माणूस हे स्वतःच करतो, पण बघून घ्यावं.

---

शंकासूर

रिंगेची फट किती ठेवता?

---

लेथवाला

मॅन्युअल मिळालं तर त्यातला आकडा. नाहीतर बोअरच्या दर २५ मिमीला ०.१ मिमी असा ठोकताळा. ५८ ला म्हणजे ०.२३ च्या आसपास. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनने खाली ढकला म्हणजे ती सरळ बसते, मग फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजा. पिस्टनच्या खाचेत छोटी खुंटी असते, रिंगेची फट तिच्यावरच आली पाहिजे. आणि पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे.

---

मी_दापोलीची

वाचतेय, खूप कामाचं आहे. माझ्याकडे हिरोची इम्पल्स आहे, २०११ मध्ये आलेली ती १५० सीसी. सड्यावर आणि करदेच्या बाजूच्या पायवाटांवर चालवते. क्लचच्या बाजूने आवाज येतोय आणि इथला मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलावं लागेल. वरचंच सगळं तिला लागू होतं का?

---

जांभाधूळ

ताई, चेंबर तसंच दोन भागांत सुटतं, पण त्याआधी टायमिंग चेन, कॅम, व्हॉल्व्ह, ऑइल पंप एवढं सगळं उतरवायचं असतं. चेन उतरवण्याआधी खुणा जुळवून फोटो काढा. तुमची क्रँक गंजण्याची शक्यता कमी, ऑइल वेळेवर बदललं असेल तर.

पण मी आधी चेंबर खोलणार नाही. क्लचचं कव्हर काढायला चेंबर फोडावं लागत नाही. ऑइल काढून कव्हर उघडा, क्लच बास्केटच्या बोटांवर प्लेटांनी पाडलेले खड्डे आहेत का बघा, बास्केट हाताने हलवून बघा, आणि काढलेल्या ऑइलमध्ये चुंबक फिरवा. बारीक भुकटी आली तर ठीक, तुकडे आले तर मग पुढचं. मेकॅनिकचं चूक आहे असं नाही, पण 'खोलावं लागेल' याला पायऱ्या असतात.

---

मी_दापोलीची

कव्हर उघडलं. बास्केटवर खड्डे आहेत, नख अडकतंय. प्लेटा ठीक आहेत. चुंबकाला नुसती करडी पेस्ट.

---

लेथवाला

मग बास्केटच. हलके खड्डे असतील तर कानशीने सपाट करता येतात, पण नख अडकतंय म्हणताय तर नवीनच घ्या. घासत बसलात तर प्लेटा आणखी सैल होतील आणि आवाज वाढेल. नवीन प्लेटा टाकणार असाल तर रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवा.

---

कातळ

अवांतर आहे, पण सड्यावर गाड्या चालवणारे इथे जमलेत म्हणून लिहितो. रत्नागिरी, राजापूर, देवगड भागात सड्यावर कातळशिल्पं आहेत. बारसू, देवीहसोळ, उक्षी, कशेळी ही माहीत असलेली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सगळ्यांना कुंपण नाही आणि बरीचशी गवताखाली, मातीखाली असतात. बटणाच्या टायरने एकदा घसरत ब्रेक मारला तर हजारो वर्षांची रेघ गेली. चालवायचं तर वापरातल्या पाऊलवाटेवरून, बंद चिरेखाणीत, आणि गावात विचारून.

---

जांभाधूळ

१००% सहमत. आम्ही बहुतेक जुन्या खाणीतच चालवतो, मालकाला सांगून. तिथे जांभ्याची धूळ एवढी असते की एअर फिल्टर प्रत्येक वेळी धुवावा लागतो. फोम फिल्टर साबणाने धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल लावून पिळायचा. कोरडा फोम ही धूळ अडवत नाही. माझ्या बोअरवरचे ओरखडे तिचेच असावेत.

---

लेथवाला

जांभाधूळ, गाडी चालू करण्याआधी गळती तपासलीत का? त्याबद्दल काही लिहिलेलं दिसलं नाही.

---

जांभाधूळ

तपासली, लिहायचं राहिलं. आणि ही युक्ती कुणालाही जमण्यासारखी आहे म्हणून सविस्तर लिहितो.

इंजिन पूर्ण बंद केल्यावर एक्झॉस्टचं भोक रबर आणि पत्र्याची पट्टी लावून बंद करायचं. आत हवा भरायची आणि दाब टिकतो का बघायचं. यासाठी मिळणारी किट महाग आहेत. पण घरात बीपीचं काट्याचं मशीन असेल तर त्याचा फुगा आणि घड्याळ एवढं पुरतं. पट्टा काढून नळी इंजिनला जोडायची. त्या घड्याळावर ३०० पर्यंत आकडे असतात, आणि ३०० मिमी पारा म्हणजे साधारण ०.४ बार. दुचाकीच्या टू-स्ट्रोकला एवढाच दाब देतात. जास्त द्यायचाही नाही, सील जागेवरून उडतं.

मिनिटभर काटा बघत बसायचं. घसरला तर साबणाचा फेस लावायचा: मॅग्नेटचं सील, हेड, ब्लॉकचा तळ, चेंबरची फट. बुडबुडे आले की गळती सापडली. क्लचच्या बाजूचं सील फेसाने दिसत नाही, त्यासाठी गिअर ऑइल भरायच्या भोकाला कान लावायचा, नाहीतर तिथे फेसाचा पडदा धरायचा.

आमच्या आजोबांचं मशीन होतं. वापरून, डेटॉलने पुसून परत ठेवलं.

---

लेथवाला

दोन सूचना. हवा प्लगच्या भोकातून देऊ नका, कार्बोरेटरच्या रबरातून द्या. प्लगमधून दिलीत तर आतल्या दाबाने रीड (हवा फक्त आत सोडणारी पातळ झडप) बंद होते आणि तिच्या बाहेरचा रबराचा सांधा तपासलाच जात नाही. जुन्या गाडीत सगळ्यात आधी चिरतं ते हेच रबर.

दुसरं, सीलची ओठी काही वेळा दाबाला टिकते आणि ओढीला सुटते. तेव्हा मोठ्या सिरिंजने हवा ओढूनही एकदा बघा.

---

शंकासूर

बीपीचं मशीन! आमच्या घरी ते डिजिटल आहे.

---

तिरफळ

मग इंजिनाचो पल्स पण कळात रे.

---

पुणेरी_पाना

पहिल्यांदा चालू करताना काय केलंत? आणि पेट्रोलमध्ये तेल जास्त घातलंत का? माझा मित्र म्हणतो रनिंगला (नवं केलेलं इंजिन रुळेपर्यंत) दुप्पट घालावं.

---

जांभाधूळ

ऑइल पंप काढलेला नाही, आहे तसा आहे. फक्त त्याच्यातली हवा काढावी लागते. पंपावरचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्यायचं. पंप खरंच ओढतोय याची खात्री होईपर्यंत पहिल्या टाकीत थोडं तेल वेगळं मिसळलं, लिटरला २० मिली. ज्यांनी पंप काढून टाकलाय त्यांना १:४० म्हणजे लिटरला २५ मिली. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी (तेलाच्या दर्जाची जपानी खूण) लिहिलेलं टूटी घ्या.

दुप्पट घालायच्या मी विरोधात आहे. कार्बोरेटरच्या जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात तेल वाढलं तेवढं पेट्रोल कमी झालं, म्हणजे मिश्रण पातळच. वर प्लग काळा होऊन बंद पडणार ते वेगळंच.

चालू केली, हाताला गरम लागेपर्यंत चालवली, बंद केली, पूर्ण थंड होऊ दिली. असं काही वेळा. मग थंड असतानाच हेडचे नट परत तपासले. नंतर सड्यावर अर्ध्या गॅसने, पण एकाच वेगात नाही, वर-खाली करत. प्लग काढून बघितला, बदामी रंग. धूर थंड असताना दिसतो तेवढाच, गिअर ऑइल जिथल्या तिथे.

---

मी_दापोलीची

आणि पावसाळ्यात काय करणार? जूनपासून तीही उभीच राहणार ना.

---

जांभाधूळ

टाकी आणि कार्बोरेटरची वाटी पूर्ण रिकामी. प्लग काढून बोअरमध्ये चमचाभर टूटी, कार्बच्या तोंडातूनही थोडं, आणि किक हळूहळू फिरवायची म्हणजे ते क्रँकवर पसरतं. मग प्लग परत लावून, सायलेन्सरच्या टोकाला आणि कार्बच्या तोंडाला तेलात भिजवलेलं फडकं कोंबून, वर एक लाल रिबन बांधायची म्हणजे गणपतीत कुणी उत्साहाने किक मारणार नाही. अधूनमधून किक थोडी फिरवायची, गोळ्या त्याच जागेवर बसून राहू नयेत म्हणून. गंज निघायचे स्प्रे बेअरिंगसाठी वापरू नका, ते उडून जातात. आणि गाडी प्लॅस्टिकने गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती चादर, जमिनीपासून वर, गोठ्यापासून लांब.

---

शंकासूर

मी लांज्यात आहे. माझी आरएक्स १०० पण तशीच उभी आहे, लक्षणंही तीच. मॅग्नेट पुलर चार दिवस मिळेल का? बाकीचं सगळं आहे.

---

जांभाधूळ

न्या की. रविवारी पालीला येणार आहे, तिथे देतो. आधी दोन्ही गाड्यांचे आटे सारखे आहेत ना ते हाताने लावून बघू. पुलर शेवटच्या आट्यापर्यंत हाताने बसल्याशिवाय मधला बोल्ट फिरवायचा नाही, आणि बोल्टाच्या टोकाला ग्रीस. घट्ट झाला तरी निघाला नाही तर बोल्टाच्या डोक्यावर एकच ठोका द्या, मॅग्नेटवर नाही. निघाल्यावर क्रँकच्या टोकावरची छोटी चावी लगेच काढून डबीत ठेवा.